मोठ्या संकेतस्थळासाठी सीएमएस: वर्डप्रेस, ड्रुपल, एईएम, वॅगटेल की हेडलेस?

कळफलक
एका मोठ्या संकेतस्थळाची सीएमएस (मजकूर लिहून प्रकाशित करायची प्रणाली) बदलायची आहे. आकडे असे: साधारण दीड लाख पानं, तीन भाषा, १४ उपविभाग, प्रत्येक विभागाचा वेगळा संपादक गट, लिहिणारे एकूण ८० च्या आसपास. पीडीएफ आणि चित्रं मिळून चार लाख फायली. रोज दोन-तीनशे पानं नवी किंवा बदललेली. लॉगिन करून वाचणारे जवळपास नाहीत.

यादीत वर्डप्रेस, ड्रुपल, टायपो३, वॅगटेल, अडोबी एक्सपिरियन्स मॅनेजर (एईएम) आणि एखादी हेडलेस (मजकूर साठवून पुरवणारी, पण पानं स्वतः न दाखवणारी) आहे. जालावर मिळणाऱ्या तुलनेच्या तक्त्यांत सगळ्यांपुढे सगळ्याच खुणा असतात, त्यातून काही ठरत नाही. या आकारावर प्रत्येकीत नेमकं काय अडतं, का अडतं आणि ते सोडवायला काय करावं लागतं, हे जाणकारांनी सांगावं.

सर्व्हरवाली
आधी वेगाचा मुद्दा बाजूला काढू. दीड लाख ओळी डेटाबेसच्या दृष्टीने किरकोळ आहेत. इंडेक्स नीट असेल तर एक पान उचलायला हजारात लागतो तेवढाच वेळ लाखात लागतो. वाचक लॉगिन करत नाहीत म्हणजे बहुतेक विनंत्या व्हार्निश किंवा सीडीएनवरूनच (पानांच्या तयार प्रती, म्हणजे कॅशे, ठेवणाऱ्या थरावरूनच) परतायला हव्यात, सीएमएसपर्यंत पोचायलाच नकोत.

खरा प्रश्न कॅशे पुसण्याचा आहे. एक पान बदललं की त्यामुळे आणखी कुठली पानं शिळी झाली, हे सीएमएसला कळतं का?

ड्रुपल ८ पासून पुढे हे गाभ्यातच आहे. पान तयार होताना त्यात वापरलेल्या प्रत्येक गोष्टीचा टॅग गोळा होतो: लेख, चित्र, वर्ग, मेनू, ब्लॉक. ती यादी हेडरमधून व्हार्निशला द्यायची. लेख क्र. ५१२ जतन झाला की तो टॅग असलेली पानं तेवढी बाद होतात, मग ती कुठल्याही विभागात असोत.

वर्डप्रेसच्या गाभ्यात याच्या तोडीचं काही नाही. कॅशे प्लगइन ठरावीक पानं पुसतं: तो लेख, मुखपृष्ठ, त्याचा वर्ग, फीड. त्याच लेखाचं शीर्षक दुसऱ्या विभागातल्या ‘संबंधित लेख’ चौकटीत असेल तर तिथे मुदत संपेपर्यंत जुनंच दिसत राहतं.

एईएममध्ये डिस्पॅचर हा कॅशे सांभाळणारा भाग फायलींच्या तारखा बघतो. ‘स्टॅटफाइल्सलेव्हल’ ही त्याची पातळी ठरवणारी सेटिंग शून्य ठेवली तर एक पान प्रकाशित झाल्यावर सगळ्या साइटची एचटीएमएल पानं एकदम शिळी ठरतात. दिवसाला ३०० बदल असतील तर कॅशे भरायलाच वेळ मिळत नाही. पातळी २ किंवा ३ केली की नुकसान त्या शाखेपुरतं राहतं, पण मग दुसऱ्या शाखेत वापरलेला सामाईक तुकडा आपोआप ताजा होत नाही. भाषा आणि विभाग यूआरएलमध्ये कितव्या पायरीवर येतात ते बघून हा आकडा आधी ठरवावा लागतो.

ओपनसोर्सी
@सर्व्हरवाली, टॅगांबद्दल सहमत, पण त्यांची दुखणीही सांगायला हवीत.

पहिलं म्हणजे ‘नोड लिस्ट’ हा टॅग (नोड म्हणजे ड्रुपलमधली मजकुराची एक नोंद). व्ह्यूज या याद्या बनवणाऱ्या मॉड्यूलने बनवलेल्या प्रत्येक यादीला तो लागतो आणि कुठलाही लेख जतन झाला की बाद होतो. म्हणजे परिपत्रकांच्या विभागात कोणी स्वल्पविराम बदलला तरी बातम्यांची यादी पुसली जाते. ८.९ पासून मजकूर-प्रकारानुसार वेगळा टॅग मिळतो. व्ह्यूज कस्टम कॅशे टॅग मॉड्यूल घालून याद्यांना तोच लावावा.

दुसरं दुखणं हेडरच्या लांबीचं. ३०० चौकटींची यादी असेल आणि प्रत्येकीमागे लेख, चित्र, फाइल, लेखक, वर्ग असे पाच टॅग धरले तर दीड हजार टॅग होतात. हेडर १५ केबीच्या आसपास जातो. व्हार्निशमध्ये एका हेडरची मर्यादा मुळात ८ केबी असते, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे बफरही ४ ते ८ केबीचे. मग तेवढ्या एकाच पानावर ५०२ किंवा ५०३ ही सर्व्हरची चूक येते आणि एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर’ दिसतं. पीएचपीत काहीच चूक नसते, म्हणून शोधणारा भलतीकडेच खणत बसतो. बफर वाढवा, व्हार्निशची मर्यादा ३२ केबी करा, आणि टॅगांची नावं हॅश करून आखूड करणारं पर्ज मॉड्यूल वापरा. यादी ३०० ऐवजी ३० ची केलीत तर वाचणाऱ्यालाही बरं.

मृण्मयी
सगळे सर्व्हरबद्दल बोलताहेत. ८० संपादकांचं काय? रोजची बोंब तिथूनच येणार आहे.

शाईचा_डाग
+१ मृण्मयी. १४ विभाग आणि वेगवेगळे गट, म्हणजे हा परवानग्यांचा प्रश्न आहे.

वर्डप्रेसचे पाच रोल आहेत: प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता, सदस्य. ‘इतरांचे लेख संपादित करणे’ ही क्षमता दिली की त्या प्रकारच्या सगळ्या लेखांवर मिळते. फक्त आरोग्य विभागाचे लेख, असं गाभ्यात सांगता येत नाही. एकतर प्रत्येक विभागाला वेगळा पोस्ट टाइप करा, नाहीतर मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक उपसाइट) घ्या. मल्टिसाइटमध्ये प्रत्येक उपसाइटला दहा टेबलं स्वतंत्र मिळतात. १४ साइटची १४० टेबलं, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते सगळ्या विभागांची एकत्र यादी किंवा एकत्र शोध हवा असतो तेव्हा. चौदा ठिकाणी फिरून गोळा करायचं, किंवा बाहेर इलास्टिकसर्च हे शोधयंत्र ठेवून त्यातूनच याद्या काढायच्या. दुसरा मार्गच धरावा.

वॅगटेलमध्ये हे फार सरळ आहे. पानांचं झाड असतं, एखाद्या फांदीवर एका गटाला ‘जोडा, बदला, प्रकाशित करा’ असं दिलं की खालच्या सगळ्या पानांना ते लागू. टायपो३ सुद्धा झाडावरच चालतं आणि त्यात गटाला भाषा आणि फील्डपर्यंत बांधता येतं. भाषांतर करणाऱ्या गटाला फक्त त्याच भाषेच्या नोंदी उघडतात. तीन भाषा आणि १४ विभाग म्हटल्यावर टायपो३ कडे गंभीरपणे बघा. आपल्याकडे त्याची चर्चाच होत नाही हे मला फार खटकतं.

कळफलक
आणि ड्रुपलमध्ये?

ओपनसोर्सी
विभागवार संपादनासाठी वर्कबेंच ॲक्सेस किंवा ग्रुप ही मॉड्यूलं. मसुदा, तपासणी, प्रकाशित हा प्रवास गाभ्यातल्या वर्कफ्लोज आणि कंटेंट मॉडरेशनने होतो.

एक गोष्ट लिहून ठेवा. ‘नोड ॲक्सेस’ टेबल वापरणारं कुठलंही मॉड्यूल चालू किंवा बंद केलं की ड्रुपल ‘परवानग्या पुन्हा बांधा’ अशी सूचना देतं. ते बटण दाबलं की टेबल आधी रिकामं होतं, मग एकेक नोड घेऊन भरत जातं. दीड लाख नोडांना हे पटकन होत नाही, आणि तोवर न भरलेली पानं सामान्य वाचकाला ४०३ (प्रवेश नाही) देतात. भर दुपारी ते बटण दाबायचं नाही. रात्री, कॅशे पूर्ण भरलेला असताना, कमांड लाइनवरून करायचं. वाचायच्या परवानग्या सगळ्यांना सारख्याच असतील तर ‘नोड ॲक्सेस’ला हात न लावणारं मॉड्यूलच निवडावं.

दिगंबर_म
वर्डप्रेसवर नुसती टीका होतेय म्हणून दुसरी बाजू मांडतो. व्हाइट हाउसची साइट २००९ मध्ये ड्रुपलवर गेली आणि २०१७ मध्ये वर्डप्रेसवर. नासाची मुख्य साइट २०२३ मध्ये ड्रुपलवरून वर्डप्रेसवर आली. आकार झेपत नाही असं म्हणणं चूक आहे. संपादकांना शिकवायला लागणारा वेळ हा मोठा खर्च आहे आणि तिथे वर्डप्रेस जिंकतं.

फक्त चार ठिकाणी आधीच बंदोबस्त करायचा.

पोस्टमेटा. लेखाची जादा फील्डं या टेबलात जातात. एसीएफ हे फील्डांचं प्लगइन प्रत्येक फील्डसाठी दोन ओळी लिहितं, एक किंमत आणि एक संदर्भ. दीड लाख लेख गुणिले २० फील्डं गुणिले २ म्हणजे ६० लाख ओळी, आणि प्रत्येक जुन्या आवृत्तीमागे तेवढ्याच आणखी. ‘मेटा व्हॅल्यू’ हा लाँगटेक्स्ट आहे आणि त्यावर इंडेक्स नाही. दोन फील्डांवर गाळणी लावून तिसऱ्यावर क्रम लावलात की तेच टेबल स्वतःशीच तीनदा जोडलं जातं. ज्यावर वाचक गाळणी लावणार ती माहिती टॅक्सॉनॉमीत (वर्ग आणि टॅगांत) ठेवा, आकडे आणि तारखा वेगळ्या टेबलात. पोस्टमेटात फक्त दाखवायच्या गोष्टी.

फायली. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक फाइल हीसुद्धा पोस्ट टेबलातली एक ओळ असते. म्हणजे तुमचे चार लाख तिथेच येणार, लेखांपेक्षा जास्त. मोठ्या चित्राच्या सहा मापांच्या प्रती बनतात, २५६० पिक्सेलपेक्षा मोठं असेल तर एक ‘स्केल्ड’, शिवाय मूळ: एका चित्राच्या आठ फायली. न लागणारी मापं बंद करा आणि चित्रं ऑब्जेक्ट स्टोरेजवर टाका. मीडिया लायब्ररी उघडायला वेळ लागतोय असं संपादक म्हणू लागले की वरची ‘महिना निवडा’ ही यादी तपासा. ती बनवायला सगळ्या फायलींच्या तारखा चाळल्या जातात. त्यासाठी फिल्टर आहे, दोन ओळींत काम होतं.

क्रॉन. ठरलेल्या वेळची कामं करणारा हा भाग वाचकाच्या भेटीवर चालतो. सगळी पानं कॅशेतून गेली की भेट पीएचपीपर्यंत पोचतच नाही आणि सकाळी सहाला लावलेला लेख नऊला निघतो. वर्डप्रेसचा क्रॉन बंद करून सर्व्हरच्या क्रॉनमधून दर मिनिटाला चालवा.

ऑटोलोड. ऑप्शन्स टेबलातल्या ऑटोलोड नोंदी प्रत्येक विनंतीत एकगठ्ठा वाचल्या जातात. ८०० केबीच्या वर गेलं की ६.६ पासून साइट हेल्थच इशारा देतं. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. ऑब्जेक्ट कॅशे (डेटाबेसच्या उत्तरांची मेमरीतली प्रत) मेमकॅशेवर असेल तर तिथे एका नोंदीची मूळ मर्यादा १ एमबी आहे. गठ्ठा त्यापुढे गेला की साठवलाच जात नाही, प्रत्येक विनंती पुन्हा डेटाबेसवर येते, आणि कॅशे लावूनही साइट हळू का ते कळत नाही.

सर्व्हरवाली
@दिगंबर_म, उत्तम प्रतिसाद. त्यात एक भर: मोठ्या याद्यांच्या क्वेरीत ‘नो फाउंड रोज’ खरं करा. एरवी एकूण किती नोंदी जुळतात हे मोजायला वर्डप्रेस सगळ्या जुळणाऱ्या ओळी धुंडाळतं, दाखवायच्या दहाच असल्या तरी. पानांचे क्रमांक दाखवायचे नसतील तिथे ते मोजणं वाया जातं.

वाचस्पती
तीन भाषांपैकी एक देवनागरी असणार असं धरून लिहितोय. यूआरएलकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा विस्ताराने.

वर्डप्रेस स्लग (यूआरएलमधला शीर्षकाचा भाग) टक्के-चिन्हांच्या रूपात साठवतं आणि तो रकाना २०० वर्णांचा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, टक्के-रूपात नऊ वर्णांचं. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं मोजायची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात. याच धाग्याचं शीर्षक घ्या: ‘मोठ्या’ची सहा, ‘संकेतस्थळासाठी’ची चौदा, मिळून १८०, दोन जोडरेघा धरून १८२. उरलेल्या १८ मध्ये ‘सी’ बसतं. स्लग होतो ‘मोठ्या-संकेतस्थळासाठी-सी’. त्याच शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख आला की त्याला आणखी कापून शेवटी २ लागतो. शासकीय निर्णयांची किंवा अहवालांची शीर्षकं सगळी एकाच शब्दांनी सुरू होतात, तिथे हा प्रकार हजारोंनी होतो. उपाय म्हणजे स्लग रोमन ठेवणं किंवा त्यात क्रमांक घालणं, आणि हा नियम पहिल्या दिवशी ठरवणं.

वॅगटेलच्या खाली जँगो (पायथनचं फ्रेमवर्क) आहे. जँगोच्या स्लगिफाय फंक्शनला युनिकोड चालेल असं सांगितलं तरी ते मात्रा गाळतं, कारण पायथनच्या रेजेक्समध्ये (मजकूर जुळवायच्या साच्यांत) मात्रा आणि हलन्त ‘अक्षर’ म्हणून मोजले जात नाहीत. ‘दुसरी’चं ‘दसर’ होतं. मायग्रेशनच्या (जुना मजकूर नव्या सीएमएसमध्ये ओतायच्या) स्क्रिप्टमध्ये हे फंक्शन थेट वापरलं तर हजारो यूआरएल अशा विद्रूप होतात आणि परत मूळ शब्द काढता येत नाही. स्वतःचं लिहा.

शोधाचंही असंच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो: ऱ आणि हलन्त असा, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. एका कळफलकावरून लिहिलेला लेख दुसऱ्यावरून शोधणाऱ्याला सापडत नाही. सोलर आणि इलास्टिकसर्चमध्ये ‘हिंदी नॉर्मलायझेशन’ नावाचा फिल्टर आहे, तो ऱ चा र करतो आणि झेडडब्ल्यूजे काढून टाकतो, त्यामुळे दोन्ही जुळतात. मात्र तो ऱ्हस्व-दीर्घही एक करतो, म्हणजे ‘दिन’ शोधलं की ‘दीन’ही येणार. शोधासाठी हे चालण्यासारखं आहे, कारण लिहिणारे आणि शोधणारे दोघेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात. फक्त अचूक जुळणारे निकाल वर यावेत म्हणून मूळ शब्दांचं दुसरं फील्ड ठेवून त्याला जास्त वजन द्या. ही सोय सीएमएसच्या आतल्या शोधात कुठेच मिळत नाही. शोध वेगळाच ठेवा.

मृण्मयी
वाचस्पती, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा, कृपया. टंकलेखनाचा हा गोंधळ मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा.

रानवाटा
हेडलेसबद्दल कुणीच लिहिलं नाही.

फायदा खरा आहे: मजकूर एका जागी, तोच संकेतस्थळ, ॲप आणि सूचनाफलकावर. पण जे सीएमएस फुकट देत होती ते सगळं तुम्हाला बांधावं लागतं. मसुद्याची झलक, रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणं), साइटमॅप, मेनू, विभागवार परवानगी, आतल्या दुव्यांची काळजी. यात झलक सगळ्यात अवघड. संपादकाला ‘प्रकाशित केल्यावर कसं दिसेल’ हे त्याच पडद्यावर हवं असतं. त्यासाठी मसुदे वाचणारं वेगळं एपीआय टोकन (मजकूर मागायची किल्ली) आणि कॅशे न करणारी वेगळी फ्रंटएंडची प्रत चालवावी लागते.

कंटेंटफुल या हेडलेस सीएमएसमध्ये एका विनंतीत जास्तीत जास्त १००० नोंदी मिळतात आणि जोडलेल्या नोंदी जास्तीत जास्त दहा पातळ्यांपर्यंत. दीड लाख नोंदी पूर्ण ओढायच्या तर किमान दीडशे विनंत्या, आणि एका प्रतिसादाच्या आकाराला मर्यादा असल्यामुळे प्रत्यक्षात हजाराचा गठ्ठा बसत नाही. म्हणून पूर्ण साइट स्थिर पानांत बांधायचा विचार सोडा. विनंती आल्यावर पान बनवून साठवायचं आणि वेबहुक (बदलाची आपोआप येणारी सूचना) आल्यावर तेवढंच पुसायचं. वेबहुक कधीमधी हरवतो, तेव्हा दर तासाला ‘गेल्या तासात काय बदललं’ हे विचारणारी एक फेरी ठेवा.

शाईचा_डाग
भाषांबद्दल थोडं. वर्डप्रेसच्या गाभ्यात बहुभाषा नाही, पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल लागतं आणि मग सगळी साइट त्या प्लगइनवर उभी. ड्रुपलच्या गाभ्यात चार मॉड्यूलं आहेत आणि भाषांतर फील्डनिहाय होतं: तारीख एकच, मजकूर तीन. पण पॅरॅग्राफ्स (लेख तुकड्यांनी रचायचं मॉड्यूल) वापरणार असाल तर लेखातलं पॅरॅग्राफ जोडणारं फील्ड ‘भाषांतरयोग्य’ करू नका, आतली फील्डं करा. उलटं केलं की भाषांतराची पानं एकमेकांचे तुकडे पळवतात. टायपो३ मध्येही जोडलेलं भाषांतर आणि मोकळं भाषांतर अशा दोन पद्धती आहेत. एका पानावर दोन्ही मिसळू नयेत.

ओपनसोर्सी
पॅरॅग्राफ्सचा आकारही मोजा. ३० तुकडे, प्रत्येकी आठ फील्डं, पानाच्या ५० आवृत्त्या: एका पानामागे १२,००० ओळी, कारण पान नव्या आवृत्तीसह जतन झालं की सगळ्या तुकड्यांचीही नवी आवृत्ती होते. डेटाबेस फुगतो तो पानांच्या संख्येने नाही, यामुळे. आवृत्त्या किती ठेवायच्या ते आधी ठरवा.

नवलाख_तारे
सुरक्षेच्या बाबतीत वर्डप्रेस नको असं सगळीकडे वाचतो. खरं का?

सर्व्हरवाली
@नवलाख_तारे, गाभा दोघांचाही बरा आहे, वर्डप्रेसमध्ये भोकं बहुतेक प्लगइनमधून पडतात. आणि ड्रुपलही सुटलेलं नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ला एसक्यूएल इंजेक्शनचं (डेटाबेसला परक्या आज्ञा घुसवू देणारं) भोक जाहीर झालं आणि काही तासांत आपोआप हल्ले सुरू झाले. सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटली असंच समजा, अशी सूचना ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर काढली होती. २०१८ च्या मार्चमध्ये आणखी एक तितकंच गंभीर. म्हणून निवडताना विचारा: सुरक्षा दुरुस्ती आल्यापासून दोन-तीन तासांत ती आपल्या साइटवर चढवणारं माणूस आणि चाचणीची व्यवस्था आहे का? नसेल तर कुठलीच सीएमएस सुरक्षित नाही.

कळफलक
सगळ्यांचे मनापासून आभार. आता ड्रुपल आणि वॅगटेल या दोनवर आलोय. एईएम परवान्याच्या खर्चामुळे आणि हेडलेस झलकेमुळे बाद. टायपो३ सांभाळणारी माणसं मिळवणं अवघड जाईल. दोघांतून निवडण्यासाठी चाचणी कशी घ्यावी?

शाईचा_डाग
टायपो३ गळाल्याचं वाईट वाटलं, पण माणसांचा मुद्दा खरा आहे.

चाचणीला नमुन्याचा मजकूर नको. सगळ्यात किचकट विभागाची खरी २०,००० पानं दोन्हीत ओता. मग तीन संपादकांना बसवा आणि मोजा: जतन केल्यापासून बाहेर दिसेपर्यंत किती सेकंद, आपल्या विभागाची मसुद्यातली पानं शोधायला किती टिचक्या, एक भाषांतर पूर्ण व्हायला किती पडदे.

वॅगटेलमध्ये आणखी एक तपासा. झाडातली जागा प्रत्येक पानाच्या ‘पाथ’मध्ये लिहिलेली असते, दर पातळीला चार वर्ण. १०,००० पानांचा विभाग एका फांदीवरून दुसरीकडे हलवला की त्या सगळ्यांचे पाथ आणि यूआरएल बदलतात. तुमच्याकडे विभागांची फेररचना नेहमी होत असेल तर हे करून बघितल्याशिवाय ठरवू नका.

ओपनसोर्सी
ड्रुपलसाठी: मायग्रेट एपीआय प्रत्येक जुनी नोंद कुठल्या नव्या नोंदीत गेली ते मॅप टेबलात ठेवतं. त्यामुळे ओतण्याचं काम एकदाच करायचं नसतं. जुनी साइट चालू असताना रोज रात्री फक्त बदललेल्या नोंदी आणता येतात, आणि शेवटी मजकूर गोठवायचा काळ एखाद्या दिवसावर येतो. वॅगटेलमध्ये असं मॅप टेबल स्वतः बनवावं लागेल, पण कठीण नाही: जुना क्रमांक, नवा क्रमांक, शेवटच्या बदलाची वेळ.

कळफलक
जुन्या यूआरएलचे दीड लाख रिडायरेक्ट सीएमएसमध्ये ठेवावेत की बाहेर?

सर्व्हरवाली
नियमाने निघणारे पाच-दहा साचे रेजेक्सने, उरलेले एनजिनएक्सच्या मॅप फायलीत. सीएमएसमध्ये फक्त संपादकांनी पुढे घातलेले. मॅप मोठा झाला की सुरू होताना ‘मॅप हॅश बकेट साइज वाढवा’ अशी चूक येते. देवनागरी यूआरएल टक्के-रूपात लांबलचक असतात, त्यामुळे ती लवकर येते. आकडा दुप्पट करत जा, चालू होईपर्यंत.

जुने पत्ते देवनागरी असतील तर हे नक्की बघा: एनजिनएक्सचा ‘यूआरआय’ हा चल (व्हेरिएबल) उलगडलेला असतो, ‘रिक्वेस्ट यूआरआय’ जसा आला तसा, टक्क्यांसकट आणि प्रश्नचिन्हापुढच्या भागासकट. मॅपची डावी बाजू देवनागरीत लिहिली असेल तर पहिला वापरा. दुसरा वापरला तर एकही ओळ जुळणार नाही आणि सगळे जुने दुवे ४०४ वर जातील. दुवे बदलायच्या आदल्या आठवड्यात जुन्या सर्व्हरच्या लॉगमधले सगळे पत्ते काढून नव्यावर चालवा, ३०१ (कायमचं रिडायरेक्ट) सोडून जे काही परत येईल त्याची यादी करा आणि भेटींच्या संख्येनुसार वरून खाली दुरुस्त करत या.